दुसऱ्या फेरीचे मत्स्यजिरे का मरते? नर्सरी तळ्यातील पहिल्या चार दिवसांच्या मरतुकीचे निदान आणि उपाय

मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून निघून तीन दिवसांची झालेली माशांची पिल्ले, नर्सरी तळ्यात सोडावे, चौथ्या दिवशी पांढऱ्या बशीत पाणी घेऊन पाहावे आणि त्यात एकही पिल्लू हलताना दिसू नये, हा प्रसंग रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तयार करणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असतो. त्यातही एक ठरावीक क्रम आढळतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी, सोडलेली पहिली फेरी बऱ्यापैकी निघते. पुढे त्याच तळ्यात, त्याच माणसांनी, पुष्कळदा त्याच उबवणी केंद्रातून आणलेल्या जिऱ्याची दुसरी फेरी घेतली की ती बुडते. पहिली फेरी साधल्यामुळे आपल्या पद्धतीत काही चूक नाही अशी खात्री झालेली असते, आणि म्हणून दोष आपोआप जिऱ्यावर, म्हणजे ते देणाऱ्या केंद्रावर, जातो.

भंडारा जिल्ह्यातील एका माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळातील) तलावाच्या पाळीखाली आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेची प्रत्येकी दहा गुंठ्यांची तीन नर्सरी तळी आहेत आणि हंगामात त्यांची व्यवस्था माझ्याकडे असते. सलग तीन वर्षे आमची दुसरी फेरी गेली. त्या तीन वर्षांत आम्ही दोनदा केंद्र बदलले, एकदा रात्रीऐवजी पहाटे वाहतूक करून पाहिली, शेणखताचे प्रमाण दुप्पट केले आणि पुन्हा निम्म्यावर आणले. यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही, कारण आम्ही ज्या गोष्टीकडे पाहत नव्हतो ती होती तळ्यात उभ्या असलेल्या पाण्याचे वय. पहिल्या फेरीचे जिरे सोडले तेव्हा तळ्यात पाणी येऊन जेमतेम बारा दिवस झालेले असत. दुसऱ्या फेरीच्या वेळी तेच पाणी पस्तीस-चाळीस दिवसांचे झालेले असे. या दोन पाण्यांत नुसत्या डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, पण सहा मिलिमीटर लांबीच्या पिल्लासाठी ती दोन वेगळी जगे असतात.

नुकसान नेमके किती झाले हे ठरवण्यासाठी सर्वसाधारण प्रमाण माहीत असावे लागते. भारतीय प्रमुख कार्प माशांची, म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांची, अंडी २६ ते ३० अंश सेल्सियस तापमानाला साधारण १४ ते २० तासांत फुटतात, त्यानंतर सुमारे ७२ तास पिल्लू पोटाच्या पिशवीतील बलकावर जगते, आणि बलक संपून तोंड उघडले की ते मत्स्यजिरे म्हणून विक्रीस येते. नर्सरी तळ्यात १५ ते २० दिवसांत ते २० ते २५ मिलिमीटरचे मत्स्यबीज होते. नीट तयार केलेल्या मातीच्या तळ्यात शंभर जिऱ्यांमागे तीस ते पन्नास बीज हाती येणे हे समाधानकारक मानले जाते. म्हणजे निम्म्याहून अधिक मरतूक ही चांगल्या कामातही होतेच. आपला प्रश्न त्या मरतुकीचा नाही. शंभरातून पाच-सातच उरतात किंवा काहीच उरत नाही, तेव्हा निदान करायला बसावे.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तोपर्यंत देशाचे बहुतेक कार्प बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागत असे आणि त्यात नको त्या माशांची पिल्ले मिसळलेली असत. आज तयार संप्रेरकाचे इंजेक्शन आणि चिनी पद्धतीचे गोल उबवणी केंद्र यांच्यामुळे जिरे मुबलक मिळते. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने विकसित केलेला जयंती रोहू वाढीला दर पिढीमागे साधारण १७ टक्क्यांनी सरस ठरला. हे संशोधन मोठेच आहे, आणि मला त्याविषयी मनापासून आदर आहे. तरीही जातिवंत रोहूचे जिरे आणि साधे जिरे त्याला खाणाऱ्या, पाठीवर उलट्या पोहणाऱ्या पाणकिड्यासमोर सारखेच असहाय असते, आणि प्रजननावर आपण जितके लक्ष देतो त्याच्या चौथा हिस्साही नर्सरीच्या पहिल्या चार दिवसांवर देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मरतूक केव्हा झाली, हे आधी ठरवावे

जिरे सोडल्यावर कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी मेले, यावरून अर्धे निदान होते. सोडल्यापासून तीन-चार तासांत पिल्ले पांढुरकी पडून काठाशी गोळा झाली, तर पाण्यात विषारी अवशेष आहेत किंवा पिशवीतून काढताना धक्का बसला आहे असे समजावे. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ती शांतपणे नाहीशी झाली, कोठे मेलेली दिसली नाहीत, पाणी वरवर निरोगी वाटले, तर त्यांना कोणीतरी खाल्ले आहे किंवा त्यांना खायला काही मिळालेले नाही. पहिला आठवडा नीट गेला आणि नंतर एखाद्या ढगाळ रात्रीनंतर पहाटे पिल्ले पृष्ठभागावर तोंड काढून तडफडताना आढळली, तर तो प्राणवायूचा प्रश्न आहे. दुसऱ्या फेरीत सर्वाधिक आढळणारा प्रकार मधला, म्हणजे शांतपणे नाहीसे होण्याचा. त्यात प्रेत दिसत नसल्यामुळे माणूस अधिक गोंधळतो आणि ‘जिरे कमीच मोजून दिले होते’ या निष्कर्षावर येतो.

मोजणीची शंका मात्र अगदीच निराधार नसते. केंद्रावर जिरे जाळीदार मापाने मोजून देतात आणि माप किती दाबून किंवा पाणी किती निथळवून भरले यावर संख्या बदलते. म्हणून केंद्रावरच एक मिलिलिटर जिरे मागून घ्यावे, पांढऱ्या ताटात पसरावे आणि दोघांनी वेगवेगळे मोजावे. त्यास पंधरा मिनिटे लागतात आणि पुढचा वाद मिटतो.

तीन बादल्यांची चाचणी

आम्हाला खरे उत्तर मिळाले ते या चाचणीतून, आणि तिला काहीच खर्च येत नाही. एकसारख्या तीन बादल्या सावलीत ठेवाव्यात. पहिलीत रात्रभर उघडे ठेवलेले विहिरीचे पाणी घ्यावे. दुसरीत नर्सरी तळ्याचे पाणी बारीक बोल्टिंग कापडातून गाळून घ्यावे. तिसरीत तेच पाणी न गाळता, काठाजवळून आणि गवताच्या बुडातून, जसे येईल तसे भरावे. तळ्याचे पाणी दुपारी तीनच्या सुमारास भरलेले चांगले, कारण हिरव्या शेवाळाच्या तळ्यात सामू (पीएच) दुपारीच सर्वांत वर चढतो आणि सकाळच्या पाण्यात ते दोष लपून राहतात. प्रत्येक बादलीत पाच-सहा लिटर पाणी पुरते. तिन्हींचे तापमान सारखे झाले की प्रत्येकीत मोजून शंभर पिल्ले सोडावीत आणि चोवीस तासांनी उरलेली मोजावीत.

पहिल्या बादलीतही पिल्ले मेली, तर जिऱ्यात किंवा वाहतुकीत दोष आहे आणि तेव्हा केंद्राशी बोलण्यास आपल्याला आधार मिळतो. पहिली चांगली आणि दुसरी खराब निघाली, तर तळ्याच्या पाण्यात विरघळलेले काहीतरी मारक आहे. पहिल्या दोन्ही चांगल्या आणि तिसरीच खराब असेल, तर पाणी निर्दोष आहे आणि त्यात राहणारे जीव दोषी आहेत. तिन्ही चांगल्या असूनही तळ्यात पिल्ले उरत नसतील, तर बादलीत न मावणारे कारण शोधावे, म्हणजे मोठे मासे, बेडूक, पहाटेचा प्राणवायू किंवा खाद्याची टंचाई, कारण चोवीस तास पिल्लू उपाशी राहूनही तगते पण तीन दिवस तगत नाही.

चौथ्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पंपघराच्या पडवीत ही चाचणी लावली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत ९४ पिल्ले होती, दुसरीत ९१ आणि तिसरीत ११. ज्या केंद्राला आम्ही बोल लावत होतो त्याचे जिरे उत्तम होते.

तिसऱ्या बादलीतले पाणी थोडे थोडे करून पांढऱ्या बशीत ओतले, तेव्हा गव्हाच्या दाण्याएवढे तीन किडे निघाले. ते पाठीवर उलटे पोहतात, मागचे दोन लांब पाय वल्ह्यासारखे मारतात आणि मध्येच पोटाचे टोक पृष्ठभागाला लावून स्थिर लटकतात. बशीत एक पिल्लू सोडले. किड्याने अर्धा मिनिट काही केले नाही. पिल्लू त्याच्या खालून आडवे गेले तसा तो खाली वळला, पुढच्या पायांत त्याने पिल्लू धरले आणि सोंड खुपसली. पिल्लू दोनदा वळवळले. दोन-तीन मिनिटांनी किड्याने ते सोडून दिले तेव्हा त्याचे नुसते पारदर्शक कातडे उरले होते, आणि डोळ्यांचे दोन काळे ठिपके नसते तर ते बशीत दिसलेही नसते. तळ्यात प्रेते का सापडत नाहीत, याचे उत्तर त्या बशीत होते.

उडून येणारे शत्रू

हा किडा नोटोनेक्टिडी कुळातला. त्याच्याबरोबर पाणढेकूण, शेपटीसारखी श्वासनळी असलेला पाणविंचू, पाणभुंगेरे आणि त्यांच्या विळ्यासारख्या जबड्यांच्या अळ्या, तसेच चतुरांच्या अळ्या हे सर्व मत्स्यजिऱ्याचे भक्षक आहेत. यांपैकी बहुतेकांच्या प्रौढांना पंख असतात आणि ते रात्री एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्याकडे उडत जातात. म्हणून तळ्याचे तोंड कितीही चांगल्या जाळीने बंद केले तरी ते येतात. नव्याने भरलेल्या तळ्यात त्यांची संख्या थोडी असते. पुढे त्यांची अंडी फुटतात, पहिल्या फेरीच्या पिल्लांवर त्यांचे पोषण होते आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी तळे त्यांनी भरलेले असते. आम्ही पंपघराचा मोठा दिवा रात्रभर चालू ठेवत होतो, आणि या किड्यांपैकी अनेक जाती उजेडाकडे ओढल्या जातात हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तो दिवा आता पाळीच्या पलीकडच्या बाजूला लावला आहे.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे साबण-तेलाचे मिश्रण. हेक्टरी १८ किलो स्वस्त साबण आणि ५६ किलो खाद्यतेल असे प्रमाण आहे. दहा गुंठ्यांस ते १.८ किलो साबण आणि ५.६ किलो तेल इतके होते. साबणाचे पातळ काप करून ते गरम पाण्यात पूर्ण विरघळवावेत, त्यात तेल धारेने ओतत ढवळत राहावे आणि मिश्रण दुधाळ, एकजीव झाले की लगेच मगाने वाऱ्याच्या दिशेकडून पृष्ठभागावर पसरावे. तेलाचा पातळ थर पाण्यावर राहिला की श्वास घेण्यासाठी वर येणाऱ्या किड्यांच्या श्वासनलिकांची तोंडे बंद होतात आणि ते गुदमरून मरतात. हे काम जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी करावे.

या उपायाचे अपयश मी दोन कारणांनी झालेले पाहिले आहे. पहिले कारण वारा. वारा वाहत असला तर सगळे तेल एका काठाला जमा होते आणि उरलेले तळे उघडे राहते. आमच्याकडे पावसाळ्यात सायंकाळी सहानंतर तासभर वारा पडतो, ती वेळ आम्ही धरतो. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर दुसऱ्या दिवसावर ढकलतो, कारण सरीने थर फुटतो आणि तेल वाया जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून फारसे सांगितले जात नाही. चतुराची अळी श्वासासाठी वर येतच नाही. तिचे कल्ले पोटाच्या मागील भागात आत असतात आणि ती पाण्यातलाच प्राणवायू घेते, त्यामुळे तेलाच्या थराचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. पहिल्या फेरीच्या वेळी या अळ्या अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या आणि निरुपद्रवी असतात. महिन्याभराने त्या बोटाच्या पेराएवढ्या होऊन तळाशी दबा धरून बसतात. त्यांच्यासाठी तळे आटवणे हाच खरा उपाय आहे, आणि ते शक्य नसेल तर मच्छरदाणीच्या कापडाची ओढजाळी तळाला घासत निदान तीनदा ओढावी व निघालेला सर्व गाळ काठापासून दूर टाकावा. काठाचे गवत आणि पाण्यातील वनस्पती आधी काढल्या नाहीत तर जाळी वरून निघून जाते आणि अळ्या बुडात राहतात.

काही ठिकाणी या किड्यांसाठी शेतीची कीटकनाशके नर्सरीत टाकतात. तसे करू नये. मात्रा थोडी चुकली तरी पिल्लांचे खाद्य असलेले सूक्ष्म प्राणी आधी मरतात, आणि मग किड्यांपासून वाचलेले जिरे भुकेने मरते.

जुन्या पाण्यातील खाद्य

उलट्या पोहणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त केल्यावरही आमच्या एका तळ्यात जेमतेम सतरा टक्के पिल्ले वाचली, कारण त्या पाण्यात त्यांच्या तोंडात मावेल असे खाद्य नव्हते. खत दिल्यावर तळ्यातील प्राणी प्लवंगांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा, एक क्रम चालतो. पहिल्या चार-सहा दिवसांत अतिसूक्ष्म रोटिफर वाढतात, त्यानंतर मोइना आणि डॅफ्निया येतात, आणि पाणी जुने होत गेले की सायक्लॉप्ससारखे झटके देत पोहणारे प्राणी वरचढ ठरतात. जिऱ्याचे तोंड रोटिफर आणि लहान मोइना यांच्याच मापाचे असते. प्रौढ सायक्लॉप्स त्याला गिळता येत नाही. उलट अगदी कोवळ्या पिल्लांना सायक्लॉप्स चिकटून इजा करतो. म्हणून ‘पाण्यात प्लवंग भरपूर आहे’ हे पुरेसे नसते, ते कोणते आहे हे पाहावे लागते.

पाहणी सोपी आहे. प्लवंग जाळीतून तळ्याच्या चार-पाच जागांचे मिळून ५० लिटर पाणी गाळावे, खाली उरलेला साका काचनळीत घेऊन चिमूटभर मीठ टाकावे व बसू द्यावा. एक ते दोन मिलिलिटर साका जिरे सोडण्यास योग्य समजतात. त्यातील थेंब दहापट मोठे दाखवणाऱ्या हातभिंगाखाली पाहावा. झटके मारत जाणारे, पेरूच्या आकाराचे, मागे दोन अंडपिशव्या लोंबणारे प्राणीच अधिक दिसले तर ते सायक्लॉप्स आहेत आणि त्या पाण्यात जिरे सोडू नये. भिंगाखाली रोटिफर स्पष्ट दिसत नाहीत, पण साका फिकट तपकिरी असून त्यात धुळीसारखी सतत हालचाल असेल तर ते बहुधा तेच असतात. हिरवागार साका वनस्पती प्लवंगांचा असतो; त्यावर जिरे पोसले जात नाही.

खताचे प्रमाण आम्ही हेक्टरी ७५० किलो भुईमुगाची ढेप, २०० किलो ताजे शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट या शिफारशीप्रमाणे धरतो. दहा गुंठ्यांस ७५ किलो ढेप, २० किलो शेण आणि ५ किलो सुपर फॉस्फेट एकत्र भिजवून लगदा करावा, त्यातील निम्मा जिरे सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाण्यात कालवून शिंपावा आणि उरलेला नंतर दोन-तीन हप्त्यांत द्यावा. सगळे खत एकदम देण्याचा मोह टाळावा. जिरे सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भुईमूग ढेप आणि तांदळाचा कोंडा समभाग, वस्त्रगाळ करून, पहिले पाच दिवस लाखामागे रोज ६०० ग्रॅम आणि त्यापुढे १२०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून द्यावे. जिऱ्याची घनता हेक्टरी ३० ते ५० लाख, म्हणजे दहा गुंठ्यांस तीन ते पाच लाख, यापेक्षा वाढवू नये. दुसऱ्या फेरीत आम्ही तीन लाखांवर जात नाही.

पाण्यातील विष

दुसरी बादली खराब निघाली तर प्रथम मोहाच्या ढेपेची तारीख आठवावी. मरळ, मांगूर यांसारखे भक्षक आणि इतर नकोसे मासे काढण्यासाठी हेक्टरी २५०० किलो मोहाची ढेप देतात. तिच्यातील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते आणि त्याचा परिणाम दोन-तीन आठवडे टिकू शकतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या आठवड्यात मोहाची ढेप वापरणे म्हणूनच चुकीचे आहे. त्या वेळी ब्लीचिंग पावडर योग्य. ३० टक्के क्लोरीन असलेली हेक्टर-मीटर (एक हेक्टरावर एक मीटर खोल) पाण्यास ३५० किलो लागते आणि तिचे विष सात-आठ दिवसांत उतरते. पावडर उघड्या पोत्यातली, ओल लागलेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेला नसतो आणि मासे मरत नाहीत. तेव्हा ताजी, घट्ट बंद पोती घ्यावीत. दिवस पूर्ण झाले तरी पाणी निर्विष झाले असे गृहीत धरू नये. बारीक जाळीचा छोटा हापा (पाण्यात बांधायचा कापडी पिंजरा) लावून त्यात थोडी पिल्ले एक दिवस ठेवावीत आणि मगच मुख्य गाडी बोलवावी.

पूर्व विदर्भात आणखी एक धोका आहे, तो म्हणजे बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, येणारे पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये धानावर फवारणी होते आणि जोराच्या पावसानंतर बांधीचे पाणी उतारावरच्या नर्सरीत शिरते. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक असतात. आमच्या तिसऱ्या तळ्याच्या वरच्या अंगाला आम्ही दीड हात खोल चर खणून ते पाणी वळवले आहे, आणि शेजारच्या शेतकऱ्यांना फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देण्याची विनंती केली आहे, जी ते आपुलकीने पाळतात.

पिशवी उघडण्याची घाई

पहिली बादली खराब निघाली तर दोन गोष्टी तपासाव्यात. जिरे ७२ तास पूर्ण होण्याआधीच, बलक पुरता संपलेला नसताना, भरून दिलेले असू शकते. हंगामाच्या गर्दीत असे घडते. पांढऱ्या वाटीत घेतलेले पिल्लू आडवे, सरळ रेषेत पोहत असावे आणि त्याच्या पोटाखाली पिवळट फुगवटा दिसू नये. वाटीतले पाणी बोटाने गोल फिरवले की सशक्त पिल्ले प्रवाहाविरुद्ध पोहतात आणि अशक्त पिल्ले मध्यभागी गोळा होतात.

दुसरी गोष्ट पिशवीची. लांबच्या प्रवासात पिशवीच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे सामू उतरतो आणि साठलेला अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडून तासभर तशीच ठेवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर सावलीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, उघडल्यावर तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि रेंगाळू न देता पंधरा मिनिटांत पिशवी आडवी करून पिल्ले आपणहून बाहेर जाऊ द्यावीत. हे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे.

पहाटेच्या प्राणवायूबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दोन दिवस सूर्य दिसला नाही की खत आणि खाद्य दोन्ही थांबवावे, पहाटे तीनपासून पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवारून परत तळ्यात सोडावे, आणि उजाडल्यावर पिल्ले खाली गेली की बंद करावे.

दुसऱ्या फेरीचे आमचे वेळापत्रक

पहिल्या फेरीचे बीज काढल्यावर शक्य असेल तर तळे पूर्ण आटवावे आणि चार-पाच दिवस उघडीप मिळाली तर तळ तडकेपर्यंत सुकू द्यावा. नव्या पाण्याला बारा दिवसांच्या आत जिरे मिळेल असा हिशेब करून मगच भरावे. पावसाळ्यात हे क्वचितच साधते. तेव्हा पाणी निम्म्यावर आणून राहिलेल्या पाण्याच्या मापाने ब्लीचिंग पावडर द्यावी, तो पहिला दिवस धरावा. आठव्या दिवशी हाप्यात पिल्ले ठेवून पाणी निर्विष झाल्याची खात्री करावी, बारीक जाळी लावून नवे पाणी घ्यावे आणि भिजवलेल्या खताचा पहिला निम्मा भाग द्यावा. दहाव्या दिवशी प्लवंगांचा साका मोजावा आणि तो एक मिलिलिटरच्या वर गेल्याशिवाय केंद्राला गाडी सोडण्यास सांगू नये, मग त्यासाठी दोन दिवस थांबावे लागले तरी चालेल. गाडी ठरली की आदल्या सकाळी ओढजाळी तीनदा ओढावी, त्याच सायंकाळी वारा पडल्यावर साबण-तेल पसरावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात जमलेले मेलेले किडे जाळीने उचलून घ्यावेत. त्या किड्यांत एखादा अजूनही वल्हे मारताना दिसला तर थर सर्वत्र पोहोचलेला नाही असे समजून जिरे त्या तळ्यात न टाकता शेजारच्या तयार तळ्यात किंवा हाप्यात एक दिवस राखून ठेवावे आणि पुन्हा तेल द्यावे.

गेल्या वर्षी याच क्रमाने घेतलेल्या दुसऱ्या फेरीत तीन लाख जिऱ्यातून एक लाख आठ हजार मत्स्यबीज निघाले. तिसऱ्या तळ्यात मात्र आम्ही साका मोजण्याआधीच जिरे सोडले होते, आणि तेथे चाळीस हजारांवर समाधान मानावे लागले.